देवाचा जन्मदाखला

1 फेब्रुवारीची संध्याकाळ, कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ. महाद्वारातून आत आलेलं ऊन गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्याकडं सरकत होतं आणि आम्ही मामा-भाची गर्दीत चवड्यांवर उभे राहून पुढच्या डोक्यांच्या फटीतून बघत होतो. किरणोत्सवात सुरुवातीला सगळेच बोलत असतात. धुळीवर, ढगांवर, महाद्वार रोडच्या वाढलेल्या इमारतींवर. ऊन पितळी उंबऱ्याला लागलं की आवाज आपोआप खाली येतो. त्या दिवशी किरणं देवीच्या पायांवर आली, कमरेपर्यंत चढली, आणि पश्चिमेला धुरकट असल्यामुळं तिथंच विरली. आरतीची घंटा सुरू झाली तशी भाची माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, आज इम्बोल्क आहे."

"कोण आहे?"

"सण आहे. आमचा."

'आमचा' हा शब्द ती जपून वापरते. सहा वर्षं ब्रिस्टलला नोकरी करते आणि दोन वर्षांपूर्वी आपण पेगन झालो असं तिनं घरी कळवलं. ताई दिवसभर रडली. तिला वाटलं, पोरगी ख्रिश्चन झाली. "अगं, उलट आहे," असं मी सांगून पाहिलं, पण उलट म्हणजे काय हे तेव्हा मलाच धड माहीत नव्हतं.

लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे खेडं, त्यावरून 'पागानुस' म्हणजे खेडवळ माणूस. रोमन साम्राज्यातली शहरं ख्रिस्ती झाली तरी खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून ख्रिस्ती न झालेल्यांना हे नाव पडलं असं सांगतात. 'फौजेत नसलेला साधा माणूस' असाही एक अर्थ लावतात. मला पहिला आवडतो, कारण त्याला मराठीत नेमका शब्द आहे: गावठी. विसाव्या शतकात युरोपातल्या काही लोकांनी ही शिवी पदवीसारखी मिरवायला घेतली आणि झाडं, ऋतू, जुने देव यांच्याभोवती नव्यानं उपासना मांडली. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत 74,000 लोकांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं, आणखी 13,000 जणांनी विक्का, हा पेगनांतलाच एक पंथ. सगळे मिळून जोतिबाच्या चैत्र यात्रेत एका कोपऱ्यातसुद्धा दिसायचे नाहीत. पण त्यांची भांडणं मला फार ओळखीची वाटतात, म्हणून हा लेख.

त्या रात्री जेवण झाल्यावर भाची आकडे मांडत बसली. आपला किरणोत्सव दोनदा: नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला. इम्बोल्क 1 फेब्रुवारीला. त्यांचा दुसरा सण साऊइन 31 ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे आपल्या नोव्हेंबरच्या आसपासच. तिचे डोळे चमकायला लागले. मी म्हटलं, थांब जरा. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. दाराची रेष आणि मावळत्या सूर्याची दिशा वर्षातून दोनदा जुळणार, आणि त्या दोन वेळा डिसेंबरच्या अयनदिनापासून, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसापासून, दोन्हीकडं सारख्याच अंतरावर पडणार. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 42. देऊळ चार अंश वळवून बांधलं असतं तर तारखाही तशाच सरकल्या असत्या. इम्बोल्क हा अयनदिन आणि दिवस-रात्र सारखे असतात तो विषुवदिन यांच्या साधारण मधोमध येतो, म्हणून गाठ पडली. बाकी काही नाही. पण एवढ्या मालावर आपल्याकडं एका रात्रीत फॉरवर्ड तयार होतो: ड्रुइड, म्हणजे तिकडच्या केल्ट लोकांचे जुने पुरोहित, मूळचे द्रविड, आणि स्टोनहेंज बांधायला कारागीर करवीरातून गेले होते. तिकडंही हेच चालतं. स्टोनहेंज उभं राहिलं त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी ड्रुइडांचा पहिला लेखी उल्लेख सापडतो, तरी सतराव्या-अठराव्या शतकातल्या हौशी संशोधकांनी ती शिळावर्तुळं ड्रुइडांच्या नावावर चढवली. एका वेल्श कवीनं, योलो मॉर्गनुग त्याचं टोपणनाव, 1792 मध्ये लंडनच्या एका टेकडीवर 'प्राचीन' ड्रुइडांचा सोहळा भरवला. त्यातला मोठा भाग त्यानं स्वतःच रचला होता. तो सोहळा वेल्समध्ये आजही थाटात होतो.

इम्बोल्क ज्या ब्रिजिडचा, तिचं प्रकरण तर आपल्या पेठेत घडल्यासारखं आहे. आयर्लंडमधल्या किल्डेअरला ब्रिजिड नावाची जोगीण होऊन गेली, तिनं मठ स्थापला, ती साधारण 525 मध्ये वारली, असं चर्च सांगतं. सातव्या शतकात कोगिटोसस नावाच्या साधूनं तिचं चरित्र लिहिलं. ते चमत्कारांनी भरलेलं आहे. एकदा ती पावसात भिजून आली आणि ओला झगा टांगायला काही दिसेना, तेव्हा खोलीत शिरलेल्या सूर्यकिरणावरच तिनं तो दोरीवर टाकावा तसा टाकला. पेगन मंडळी म्हणतात, बघा, ही कसली जोगीण? ही तर आमची सूर्याची, अग्नीची देवी. चर्चनं तिला जोगिणीचा झगा चढवला आणि संत केलं. गोष्ट पटण्यासारखी आहे. पण कागद बघायला गेलं की गंमत होते. ब्रिजिड नावाच्या देवीचा, कवी जिला भजत तिचा, स्पष्ट लेखी उल्लेख साधारण सन 900 च्या एका आयरिश शब्दकोशात येतो. म्हणजे संत ब्रिजिडचा कागद आधीचा आणि देवीचा दोनशे वर्षांनी नंतरचा. याचा अर्थ देवी नंतर जन्मली असा होत नाही, कारण लिहिणारे सगळे मठातलेच होते. पण देवीच आधीची होती हे छातीठोकपणे सांगायलाही जागा उरत नाही. अभ्यासक दोन्ही बाजूंना आहेत. आयर्लंडच्या सरकारनं 2023 पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला सार्वजनिक सुट्टी दिली, ती इम्बोल्क आणि संत ब्रिजिड अशी दोन्ही नावं जोडून. सरकारी अक्कल कधी कधी अशी कामाला येते.

भाचीच्या मित्रमंडळींना मात्र एवढ्यावर चैन पडत नाही. आमची देवी जुनी एवढं त्यांना पुरत नाही, तुमचा येशू झालाच नाही इथपर्यंत त्यांना जायचं असतं. "त्यांनी आमचे देव खोटे ठरवले, आता आम्ही त्यांचा," असा तो हिशोब. म्हणून मग येशू म्हणजे इजिप्तच्या होरस देवाची नक्कल, रोमनांच्या मिथ्रास देवाची नक्कल, तोही 25 डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मला, वगैरे. यातलं बरंचसं तपासलं की गळून पडतं. मिथ्रास कुमारिकेच्या पोटी जन्मलेला नाही, शिल्पांत तो खडकातून वर येताना दिसतो. 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठंच नाही. ख्रिस्तजन्म म्हणून ती सापडते इसवी सन 354 च्या एका रोमन पंचांगात, त्यामुळं ती खोटी ठरवून येशूचं काही बिघडत नाही. उलट बाजूला, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पॉल याच्या पहिल्या शतकाच्या मध्यातल्या पत्रात येशूच्या भावाला, याकोबाला, भेटल्याचा उल्लेख आहे. ज्यू इतिहासकार जोसेफसनं 93-94 च्या सुमारास त्या याकोबाच्या वधाबद्दल लिहिलंय. रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात ख्रिस्ताला देहदंड झाला हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानं 116 च्या आसपास नोंदवलंय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांविषयी काडीचं प्रेम नव्हतं. गॅलिलीचा एक ज्यू उपदेशक योहानाकडून बाप्तिस्मा घेतो आणि रोमनांकडून क्रुसावर मारला जातो, इथपर्यंत बहुतेक इतिहासकार एकमतानं येतात, त्यांत देव न मानणारेही आहेत. पुढं तो उठला की नाही, हा इतिहासाच्या हद्दीबाहेरचा मामला.

एकोणिसाव्या शतकात तर अशी साथच आली होती. जो तो दैवतांना सूर्य करून सोडत होता. एमिल सेनार या फ्रेंच पंडितानं 1875 मध्ये बुद्धाची चरित्रकथा सूर्यकथा म्हणून मांडली: जन्म म्हणजे उदय, माराशी झुंज म्हणजे वादळ आणि अंधाराशी झुंज, धर्मचक्र म्हणजे सूर्यबिंब. हेंड्रिक कर्न हा डच पंडित तर त्याच्याही पुढं गेला. मग 1896 मध्ये लुंबिनीला अशोकाचा स्तंभ सापडला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मला, म्हणून गावाचा सारा कमी केला, असं त्यावर कोरलेलं होतं. सूर्याच्या जन्मगावाला साऱ्यात सूट कोण देईल? स्तंभही बुद्धानंतर बऱ्याच काळानं उभा राहिलेला, तेव्हा तो जन्माचा साक्षीदार नव्हे. तरीही सूर्यवाद्यांची हवा गेली ती गेलीच. खरं तर त्यांची टर आधीच उडवून झाली होती. 1827 मध्ये पेरेस नावाच्या एका फ्रेंच माणसानं छोटी पुस्तिका काढून नेपोलियन झालाच नाही हे 'सिद्ध' केलं. नाव अपोलोचं, आई लेतित्सिया म्हणजे अपोलोची आई लेतो, चार भाऊ म्हणजे चार ऋतू, बारा सेनापती म्हणजे बारा राशी. नेपोलियन मरून तेव्हा सहाच वर्षं झाली होती.

आणि याच बुद्धाचा दुसरा अवतार बघा. त्याची राजवाडा सोडण्याची गोष्ट अरबी आणि जॉर्जियन भाषांतून प्रवास करत युरोपात पोचली. 'बोधिसत्त्व'चं 'बुदासफ' झालं, मग 'योसाफात' झालं, आणि चर्चच्या संतांच्या यादीत 27 नोव्हेंबरला संत योसाफात जाऊन बसला. खरोखर होऊन गेलेला माणूस पंडितांनी सूर्यकथा ठरवला, आणि कधीच न झालेला संत चर्चनं यादीत घेतला. दोन्हीकडं माणूस एकच.

मला जे म्हणायचंय ते इथून सुरू होतं. देव खरा असायचा तर तो अमुक सालात अमुक ठिकाणी घडलेला असला पाहिजे, ही मोजपट्टी मुळात ख्रिस्ती आहे. त्या धर्मात ती रास्तही आहे. पॉलनं करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगून टाकलं: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. सगळा डोलारा एका घटनेवर उभा असेल, तर ती घटना झाली का, हे विचारायचा कुणालाही हक्क आहे आणि उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण ब्रिजिड, उत्तर युरोपचा जुना देव ओडिन, म्हसोबा, जोतिबा यांच्यावर असलं काही अवलंबून नाही. जोतिबा कुठल्या साली जन्मला हे सासनकाठी खांद्यावर घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. काठी तोलायची असते. असं असताना भाचीचे मित्र चर्चशी भांडताना चर्चचीच पट्टी हातात घेतात. आणि आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर जे चाललंय तेही तेच.

तिथं दर रामनवमीला एक तारीख फिरते: इसवी सनापूर्वी 5114, 10 जानेवारी. वाल्मीकि रामायणातली ग्रहस्थिती संगणकात घातली आणि तारीख निघाली म्हणे. संगणक हिशोब बरोबरच करणार, त्याला घातलेलं कधीचं आहे हे त्याला कळत नाही. त्या श्लोकात कर्क लग्न येतं, आणि बारा राशींची ती पद्धत आपल्याकडं ग्रीकांशी संबंध आल्यानंतरच्या ज्योतिषात रुजली असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे फार तर श्लोकाचं वय कळेल, रामाचं नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा माझ्या चुलतभावानं विचारलं, "म्हणजे दादा, राम झालाच नाही म्हणतोस?" मी असं म्हटलंच नव्हतं. पण पट्टी एकदा हातात आली की दोनच उत्तरं उरतात, झाला किंवा नाही झाला. आमच्या आजीला रोज संध्याकाळी दिव्यापाशी जो राम भेटायचा, तो या दोन रकान्यांत कुठं लिहायचा?

'देव म्हणजे पूर्वीचे राजे' हे म्हणणं जुनं आहे. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युहेमेरस नावाच्या ग्रीकानं ते मांडलं: झ्यूस हा एक राजा होता, मेला, लोकांनी त्याला देव केलं. पुढं ख्रिस्ती धर्मगुरूंनी ही कल्पना आनंदानं उचलली. तुम्ही ज्यांना भजता ती तुमच्यासारखीच मेलेली माणसं, असं पेगनांना सुनवायला ती फार सोयीची होती. तेराव्या शतकात आइसलँडचा ख्रिस्ती पंडित स्नोरी स्टुर्लुसन यानं ओडिनला आशियातून आलेला सरदार करून टाकलं. देवाला 'ऐतिहासिक पुरुष' म्हणणं हा तिकडं त्याला खाली ओढायचा मार्ग होता. आपल्याकडं तेच शब्द अभिमानानं वापरतात, आणि आपण देवाची बढती केली असं समजतात.

आपल्याकडं हा डाव मुद्दाम उलटा टाकणारा माणूस एकच, जोतीराव फुले. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा केलं आणि खंडोबा, म्हसोबा, जोतिबा यांना त्याच्या राज्यातले अधिकारी. नऊ खंडांचा न्यायी तो खंडोबा, महासुभा तो म्हसोबा. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकत नाही आणि मी ती टिकवायलाही जाणार नाही. पण फुल्यांचा रोख कुणाच्या जन्मतारखेवर नव्हता. मान कुणाची खाली आहे आणि मानेवर कोण बसलंय, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि आयाबाया दिवाळीत ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात, त्या ओळीत त्यांना तो पुरावा दिसला. इतिहास म्हणून कच्चं, राजकारण म्हणून पक्कं. दोन्ही एकदम म्हणता येतं.

यावर विक्कावाल्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मलायात जकात अधिकारी म्हणून नोकरी केलेले जेरल्ड गार्डनर निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले. 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून जाहीर केलं की ख्रिस्तपूर्व काळातला जुना धर्म लपूनछपून टिकलाय, आणि आपण त्यातलेच. या म्हणण्याला टेकू होता मार्गारेट मरे यांच्या 1921 च्या पुस्तकाचा. या बाई नावाजलेल्या इजिप्ततज्ज्ञ, जन्म कोलकात्याचा. युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारलं त्या या गुप्त धर्माच्या अनुयायी होत्या, असा त्यांचा सिद्धांत. इतिहासकारांनी तो पार मोडीत काढला. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडाही गेला. आजचे अंदाज चाळीस ते साठ हजार माणसांचे आहेत, जे पुरेसे भयंकर आहेत. शेवटी 1999 मध्ये रोनाल्ड हटन यांनी विक्का विसाव्या शतकात इंग्लंडमध्येच घडला हे पुराव्यानिशी दाखवलं. ते ब्रिस्टलच्याच विद्यापीठातले, म्हणजे भाचीच्या गावचे. मी तिला विचारलं, "मग? धर्म बुडाला का?" म्हणाली, काही लोक फार चिडले, काहींनी ते पुस्तक घरच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. वर्षाचे आठ सण 1950 च्या दशकात जुळवून मांडले गेले हे तिच्या मंडळात सगळ्यांना माहीत आहे, तरी आठही होतात. आइसलँडमध्ये 1973 मध्ये सरकारमान्यता मिळालेल्या आसात्रू मंडळाचे प्रमुखही सांगतात की आठ पायांच्या घोड्यावरचा एकाक्ष ओडिन कुणी शब्दशः मानत नाही, त्या कथा कवितेसारख्या वाचायच्या.

हे मला हेवा वाटण्यासारखं वाटतं. आपल्याकडं सण 'हजारो वर्षांचा' नसेल तर त्याला काही किंमतच नाही असं समजतात.

म्हणजे इतिहास देवळाच्या बाहेर चपलांपाशी ठेवायचा का? मुळीच नाही. अंबाबाईचंच घ्या. देवीला 'महालक्ष्मी' म्हणायचं की 'अंबाबाई', यावर या गावात किती वाद झाले हे इथल्या माणसाला सांगायला नको. एक बाजू म्हणते ही विष्णूपत्नी लक्ष्मी, म्हणून तर नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो. दुसरी म्हणते ही आदिशक्ती, पाठीशी सिंह आहे, लक्ष्मीला सिंह कुठून आला? इथं इतिहास खरोखर कामाचा आहे. शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादानं मोठे झालेले म्हणवतात, तेव्हा 'महालक्ष्मी' हे नाव कुणी परवा चिकटवलेलं नाही. पण कोणती महालक्ष्मी? दुर्गा सप्तशतीला जोडलेल्या 'रहस्य' नावाच्या भागांत सगळ्या देवींच्या आधीची जी महालक्ष्मी सांगितली आहे, तिच्या हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मूर्तीशी ताडून बघा. ही विष्णूची बायको नव्हे, लक्ष्मी-पार्वती-सरस्वती जिच्यातून निघाल्या ती. नाव एका बाजूचं बरोबर, देवी दुसऱ्या बाजूची बरोबर. हे कळायला दोन्ही बाजूंनी पोथी उघडून मूर्तीसमोर उभं राहावं लागतं, आणि भांडताना तेवढा वेळ कुणाकडं नसतो.

पण त्याच देवीची पालखी ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं इतिहासाला काम नाही. कोल्हासुराचा वध झाल्यावर सगळ्या देवांचा सत्कार झाला आणि त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, बोलवायचंच राहून गेलं. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडं पाठ करून बसली. मग थोरल्या बहिणीनं लवाजमा घेऊन समजूत काढायला जायचं. तिथं कुमारिका त्रिशूळानं कोहळा फोडते आणि तुकड्यासाठी जी झोंबाझोंबी होते ती बघावी. मी एकदा शर्टाची बाही गमावून एक फोड मिळवली आहे. कोल्हासुर नावाचा कुणी होता का, असला तर कुठल्या जमातीचा, शिलालेखांतल्या 'कोल्लापूर'चा त्याच्याशी काय संबंध, हे सगळं विचारा, लिहा, मी आवडीनं वाचेन. फोड हातात आहे तोवर मात्र विचारू नका. बोलावणं विसरलेल्या बहिणीची समजूत काढायला देवीलासुद्धा चालत जावं लागतं. या गावात भाऊबंदकीनं गाजलेली घरं कितीतरी आहेत, त्यांना हे दर वर्षी बघायला मिळतं.

जिथं हक्क, जमीन, मान किंवा जीव यांचा प्रश्न येतो तिथं माझी भूमिका उलटी. तिथं कागद काढायलाच पाहिजे, आणि पूर्ण काढायला पाहिजे. शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणात भांडण वेद खरे की खोटे याचं नव्हतं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार देताना पुरोहितानं कुळाचा, म्हणजे इतिहासाचाच दावा केला होता. तो दावा महाराजांनी तपासला आणि इनामाच्या वहीपर्यंत नेला. अंबाबाईच्या देवळात पुजारी कोण असावा, यावर 2017 मध्ये आंदोलन पेटलं आणि 2018 मध्ये विधिमंडळात कायदा झाला, तोही हक्काचाच प्रश्न. देवी कोण हे त्यात कुणी ठरवलं नाही, गाभाऱ्यात कोण उभं राहणार हे ठरवलं. श्रद्धा आपली आपण ठेवावी. तिच्या जोरावर दुसऱ्याला दाराबाहेर काढायचं असेल, तर पुरावा द्यावा.

आणि पुरावा मागणाऱ्याला मारू नये. हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते. 'शिवाजी कोण होता?' असं साधं विचारत महाराजांना रयतेचा राजा म्हणून समजावून सांगणारे गोविंद पानसरे याच शहरात राहायचे. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि 20 तारखेला ते गेले. महाराज होऊन गेले याबद्दल तर कुणालाच शंका नव्हती. देवाच्या बाबतीत झाला की नाही याचं भांडण, आणि झालेल्या माणसाच्या बाबतीत तो आम्ही सांगतो तसाच झाला याचं.

भाची परत जायच्या आदल्या दिवशी तिला टाउन हॉलच्या संग्रहालयात नेलं. तिथं पोसायडन आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वितीपेक्षा लहान, काशाचा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात 1940 च्या दशकात तो काशाच्या भांड्यांबरोबर, आरशांबरोबर सापडला. सातवाहनांच्या काळात पश्चिमेच्या बंदरात उतरून, घाट चढून, समुद्राचं नखही न दिसणाऱ्या गावी तो आला. त्याच्याही आधी तिकडं विदिशेला हेलिओदोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. त्यानं कृष्णाची जन्मतारीख विचारल्याचं स्तंभावर काही लिहिलेलं नाही. भाची काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या ब्रिस्टलच्या मंडळात पोसायडनला मानणारे दोघं-तिघं आहेत. तो दोन हजार वर्षांपूर्वी मामाच्या गावी येऊन राहिलाय हे तिनं त्यांना सांगितलं तर तिच्यावर विश्वास बसायचा नाही.

तेवढ्यात कुठल्याशा खेड्यातल्या शाळेची सहल आत आली. रांगेनं पुढं सरकताना पोरं गणपतीच्या मूर्तीपाशी हात कपाळाला लावत होती, बंदुकांपाशी थांबत होती. एक बारकं पोरगं पोसायडनसमोर आलं, त्यानं बघितलं, आणि सायकलवरून जाताना रस्त्यातल्या देवळाला करतात तसा त्यालाही झटकन हात जोडून टाकला. मागच्यानं विचारलं, "कोण रं त्यो?"

"काय की. देव हाय."

"पुढं चला," मास्तर म्हणाले, "पाणी प्यायचं राहिलंय अजून."